गान्सू प्रांतातील प्रेक्षणीय स्थळे

चीनच्या वायव्य भागातील गान्सू (कान्सू) या प्रांतातील लेणी, किल्ले, मठ व निसर्गस्थळे. प्रांताची लोकसंख्या सु. २·५ कोटी (२०२०), राजधानी लानजो. आग्नेयीकडून वायव्येकडे तिरकस पसरलेला हा प्रांत नकाशावर दोन टोकांना फुगलेल्या व मध्ये आवळलेल्या पट्ट्यासारखा दिसतो. या आवळलेल्या भागासच हशी मार्गिका म्हणतात. ‘हशी’ म्हणजे नदीच्या पश्चिमेकडील. येथे नदी म्हणजे पीत नदी (ह्वांग हो) होय. सु. १,००० किमी. लांबीच्या या चिंचोळ्या पट्ट्याच्या दक्षिणेस चिल्येन पर्वताच्या हिमाच्छादित रांगा व उत्तरेस गोबी आणि त्याला लागून असलेली वाळवंटे आहेत. पाऊस अत्यल्प असला, तरी चिल्येनवरील बर्फ वितळून निघणाऱ्या शियांग, हेई व शूल या नद्या पट्ट्यात उतरतात, काही अंतर वाहतात आणि शेवटी वाळूत जिरतात. त्यांच्या काठी जी मरूद्याने निर्माण झाली, तीच वूवेई, जांगये, ज्यूच्वान व दुनह्वांग ही नगरे. गान्सूतील बहुतेक सर्व प्रेक्षणीय स्थळे या चार नगरांच्या आसपास का एकवटली आहेत, याचे उत्तर या पाण्यात आहे.

चीनच्या मध्यभूमीतून मध्य आशियाकडे जाण्यास याहून सोयीचा मार्ग नव्हता. हान वंशातील वू-दी या सम्राटाने (कार. इ. स. पू. १४१–८७) शुंग्नू या भटक्या टोळ्यांविरुद्ध मित्र शोधण्यासाठी जांग च्येन यास इ. स. पू. १३८ मध्ये पश्चिमेकडे पाठविले. इ. स. पू. १२१ मध्ये ह्वो च्यूबिंग या तरुण सेनापतीने हशी मार्गिका जिंकली आणि पुढे तेथे वरील चार नगरांच्या नावांचे चार लष्करी जिल्हे स्थापन झाले. पुढील काळात ‘रेशीम मार्ग’ या नावाने जगप्रसिद्ध झालेल्या व्यापारी वाटांपैकी सर्वांत महत्त्वाची वाट या जिल्ह्यांतून जात असे. रेशमाचे तागे पश्चिमेकडे गेले; पूर्वेकडे घोडे, काच, सुगंधी द्रव्ये आणि भारतातून निघालेला बौद्ध धर्म आला. गान्सूतील लेणी ही या शेवटच्या प्रवासाची निशाणी होत.

लानजो हे शहर पीत नदीच्या दोन्ही तीरांवर वसले आहे. १९०९ मध्ये पुरा झालेला लोखंडी पूल (आताचे नाव जोंगशान पूल) आणि फुगविलेल्या मेंढीच्या कातड्यांवर बांबूचा सांगाडा बांधून केलेले तराफे या येथील नेहमी दाखविल्या जाणाऱ्या गोष्टी. तथापि इतिहासाची आवड असणाऱ्याने प्रथम प्रांतिक संग्रहालय पाहावे. वूवेईजवळील लेइताय येथील एका थडग्यात १९६९ मध्ये सापडलेला काशाचा घोडा तेथे ठेवला आहे. उत्तर हान काळातील (इ. स. २५–२२०) ही मूर्ती केवळ ३४·५ सेंमी. उंच आहे. घोड्याचे तीन पाय अधांतरी असून चौथा एका उडत्या पक्ष्याच्या पाठीवर टेकलेला आहे; सर्व भार त्या एका खुरावर तोलला आहे. १९८३ मध्ये चीनने आपल्या पर्यटनाचे बोधचिन्ह म्हणून या घोड्याची निवड केली.

लानजोच्या नैर्ऋत्येस पीत नदीच्या काठच्या उभ्या कड्यात बिंगलिंग लेणी आहेत. ल्यूज्याश्या धरणाच्या जलाशयातून नावेने तेथे जातात. या धरणामुळे पाणी चढल्याने खालच्या थरातील काही मूर्ती हलवाव्या लागल्या आणि लेण्यांपुढे संरक्षक बांध घालावा लागला. येथील मैत्रेय बुद्धाची मूर्ती सु. २७ मी. उंच आहे. मात्र अभ्यासकांच्या दृष्टीने तिच्याहून मोलाचे आहे ते उंचावरील १६९ क्रमांकाचे लेणे. त्यातील इ. स. ४२० चा शाईने लिहिलेला लेख हा चिनी लेण्यांतील सर्वांत जुना कालनिर्देश मानला जातो.

प्रांताच्या आग्नेय टोकास त्येनश्वेईजवळ मायजीशान ही सु. १४२ मी. उंचीची एकाकी टेकडी आहे. ‘मायजी’ म्हणजे गव्हाची गंजी; टेकडीचा आकार तसाच आहे. चौथ्या-पाचव्या शतकांच्या सुमारास येथे लेणी कोरण्यास प्रारंभ झाला. इ. स. ७३४ च्या भूकंपात कड्याचा मधला भाग कोसळला; त्यामुळे लेण्यांचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडले आहेत. येथील खडक ठिसूळ असल्याने मूर्ती बहुतांशी मातीच्या आहेत व त्यांची संख्या ७,००० वर जाते. गुरूच्या कानाशी लागून हसणारे शिष्य, खाली पाहून मंद स्मित करणारे बालभिक्षू अशा कित्येक मूर्तींत धर्मापेक्षा माणूसच अधिक जवळचा वाटतो. कड्याला टांगलेल्या जिन्यांवरून एका लेण्यातून दुसऱ्या लेण्यात जावे लागते. उंचीचे भय असणाऱ्यास ते सोपे नाही.

दक्षिणेकडील गाननान या तिबेटी स्वायत्त विभागातील लाब्रांग मठ हा हशी मार्गिकेपासून दूर व वेगळ्या परंपरेतला आहे. १७०९ मध्ये स्थापन झालेला हा मठ तिबेटी बौद्ध धर्माच्या गेलुग पंथाच्या प्रमुख विद्यापीठांपैकी एक होय. मठाभोवतीच्या काही किमी. लांबीच्या ओवऱ्यांत ओळीने बसविलेली प्रार्थनाचक्रे फिरवीत यात्रेकरू प्रदक्षिणा घालतात. मुख्य सभामंडप १९८५ मध्ये आगीत जळाला व नंतर पुन्हा बांधण्यात आला.

पीत नदी ओलांडून वायव्येकडे निघाले, की पहिले मोठे नगर वूवेई लागते. कुमारजीव या विख्यात भाषांतरकाराच्या आयुष्याशी ते निगडित आहे. भारतीय पिता व कूचाच्या राजघराण्यातील माता यांच्या पोटी जन्मलेला हा पंडित एका सेनापतीच्या हाती बंदी म्हणून सापडला व इ. स. ३८५ ते ४०१ या काळात त्यास वूवेई (तत्कालीन ल्यांगजो) येथे अडकून पडावे लागले. या सक्तीच्या मुक्कामात तो चिनी भाषेत पारंगत झाला आणि पुढे छांगआनला गेल्यावर त्याने केलेली सूत्रांची भाषांतरे आजही चीन व जपानमध्ये पठनात आहेत. त्याच्या नावाचा एक मनोरा वूवेईत आहे.

जांगये येथील महाबुद्ध मंदिरात सु. ३४·५ मी. लांबीची, लाकडी सांगाड्यावर मातीने घडविलेली निर्वाणमूर्ती आहे. पश्चिम श्या या तांगूत राज्याच्या काळात, १०९८ मध्ये हे मंदिर बांधले गेले. मार्को पोलो या नगरात सु. वर्षभर राहिला, असे त्याच्या प्रवासवृत्तात म्हटले आहे. नगराच्या पश्चिमेस लाल, पिवळ्या, पांढुरक्या व हिरवट पट्ट्यांच्या वालुकाश्माच्या टेकड्या आहेत. एकावर एक साचलेले गाळाचे थर भूहालचालींनी वाकून उचलले गेले आणि पाऊस-वाऱ्याने झिजले. थरांतील लोहसंयुगांच्या कमी-अधिक प्रमाणामुळे रंगांत फरक पडला. २०२० मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक भू-उद्यानाचा दर्जा दिला. छायाचित्रांत हे रंग पुष्कळदा वास्तवाहून भडक केलेले असतात. भर दुपारी पाहणाऱ्याची त्यामुळे काहीशी निराशा होते. पाऊस पडून गेल्यावर किंवा सूर्योदय-सूर्यास्ताच्या सुमारास ते सर्वांत खुलून दिसतात.

मार्गिका जेथे फारच अरुंद होते, तेथे ज्यायूग्वान हा किल्ला आहे. मिंग वंशाच्या काळात १३७२ मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले. चीनच्या भिंतीचे मिंगकालीन पश्चिम टोक ते हेच. तटांच्या कोंदणात असलेले तीन मजली मनोरे, मागे चिल्येनची बर्फाची कडा आणि पुढे ओसाड माळ असे हे दृश्य आहे. बांधकामास लागणाऱ्या विटांचा हिशेब इतका अचूक केला होता, की शेवटी एकच वीट उरली, अशी आख्यायिका सांगतात व ती वीटही दाखवितात. याच्या पश्चिम दरवाजातून बाहेर पडणे म्हणजे देशाबाहेर जाणे, अशी जुनी भावना होती. हद्दपारीची शिक्षा झालेले लोक येथून जात. कॅंटन येथे ब्रिटिश व्यापाऱ्यांची अफू नष्ट करणारा अधिकारी लिन त्सशू हा त्यांपैकी एक. १८४२ मध्ये तो या वाटेने शिंज्यांगकडे गेला. ज्या व्यापाराशी त्याने झुंज दिली, त्यातील माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे.

ज्यायूग्वानच्या पुढे ग्वाजो परिसरात श्वोयांग या उद्ध्वस्त नगराचे अवशेष व यूलीन लेणी आहेत. ह्यूएनत्संग (युआनच्वांग) हा यात्रेकरू सातव्या शतकात राजाज्ञा मोडून याच परिसरातून रात्री गुपचूप सीमेपार झाला. पुढे भारतभ्रमणात तो महाराष्ट्रातही आला. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्याचे आणि अजिंठ्याचीच समजली जाणारी लेणी यांचे त्याने केलेले वर्णन मराठी वाचकांस परिचित आहे. यूलीन येथील तांगूत काळातील भित्तिचित्रांत माकडासह हात जोडून उभा असलेला यात्रेकरू भिक्षू आढळतो. ह्यूएनत्संगाच्या कथेत माकडाचा प्रवेश झाल्याच्या सर्वांत जुन्या चित्रपुराव्यांत त्याची गणना होते.

गान्सूच्या पश्चिम टोकाचे दुनह्वांग हे रेशीम मार्गावरील नाके होते. येथून पुढे तक्लामकान वाळवंटाच्या उत्तरेने व दक्षिणेने जाणाऱ्या दोन वाटा फुटत. मरणाच्या वाटेवर निघण्यापूर्वी नवस बोलावयाचा व सुखरूप परतल्यावर तो फेडावयाचा, हे येथील लेण्यांचे एक मोठे कारण. नगराच्या आग्नेयीस सु. २५ किमी. वरील मोगाव येथे लत्सुन नावाच्या भिक्षूने इ. स. ३६६ मध्ये पहिले लेणे खोदले, असे परंपरा सांगते. त्यानंतर सु. हजार वर्षे, चौदाव्या शतकापर्यंत हे काम चालू राहिले. सु. १,७०० मी. लांबीच्या कड्यात आज ७३५ लेणी मोजली गेली असून त्यांपैकी ४९२ लेण्यांत चित्रे व मूर्ती आहेत. भित्तिचित्रांचे एकूण क्षेत्र सु. ४५,००० चौ. मी. व रंगविलेल्या मूर्ती २,००० हून अधिक आहेत.

अजिंठा पाहिलेल्या माणसास येथे ओळखीच्या खुणा पटतात, तसाच एक मूलभूत फरकही जाणवतो. अजिंठ्याचा खडक कठीण कृष्णप्रस्तर असल्याने स्तंभ, स्तूप व मूर्ती खडकातूनच कोरून काढता आल्या. मोगावचा कडा गोट्या व वाळू यांच्या पिंडाश्माचा आहे. त्यात खोली खोदता येते, पण चेहरा कोरता येत नाही. म्हणून येथील मूर्ती लाकूड व गवत यांच्या सांगाड्यावर माती लिंपून केल्या आणि भिंतींना गवतमिश्रित मातीचा गिलावा देऊन त्यावर चित्रे काढली. खडकाच्या या उणिवेनेच दुनह्वांगला चित्रकलेचे स्थान बनविले, असे म्हणता येईल. चैत्यगृहाच्या मागील स्तूपाच्या जागी सुरुवातीच्या लेण्यांत छताला भिडलेला चौकोनी स्तंभ येतो व भाविक त्याभोवती प्रदक्षिणा घालतात. २५४ क्रमांकाच्या लेण्यात कबुतरासाठी आपले मांस तोडून देणारा शिबी राजा आहे; तीच कथा अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातही रंगविली आहे. इ. स. ५३८-३९ चे लेख असलेल्या २८५ क्रमांकाच्या लेण्यात तर महेश्वर, कुमार व विनायक आणि सूर्य-चंद्र हे चिनी नागदेवता व वायुदेवता यांच्या शेजारी दिसतात. गणपतीची चीनमधील ही अगदी प्रारंभीच्या चित्रांपैकी एक प्रतिमा होय.

थांग काळात (६१८–९०७) ही कला कळसास पोहोचली. ९६ क्रमांकाच्या लेण्यातील, इ. स. ६९५ मध्ये घडविलेली बुद्धमूर्ती ३५·५ मी. उंच असून तिच्यापुढील नऊ मजली लाकडी दर्शनी भाग हे मोगावचे सर्वपरिचित चित्र आहे. इ. स. ८४५ च्या सुमारास चीनमध्ये सम्राटाच्या आज्ञेने हजारो बौद्ध मंदिरे नष्ट झाली, तेव्हा दुनह्वांग तिबेटी अंमलाखाली होते. त्यामुळे ते वाचले. जांग इछाव याने ८४८ मध्ये ते तिबेटींकडून परत घेतले. त्याची मिरवणूक १५६ क्रमांकाच्या लेण्यात रंगविली आहे. दहाव्या शतकातील ६१ क्रमांकाच्या लेण्यात वूताय पर्वतावरील मंदिरांचे भिंतभर चित्र आहे. या चित्राच्या आधारे ल्यांग स-छंग या वास्तुविशारदाने १९३७ मध्ये शान्सी प्रांतातील फोग्वांग मंदिराचा शोध घेतला आणि नवव्या शतकातील एक लाकडी इमारत उजेडात आली.

समुद्रमार्गे व्यापार वाढल्यावर दुनह्वांग मागे पडले व लेण्यांत वाळू भरत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वांग युआनलू हा ताओपंथी साधू तेथे येऊन राहिला. वर्गणी गोळा करून तो वाळू उपसण्याचे काम करी. जून १९०० मध्ये एका लेण्याच्या बोळात भिंतीमागे बंद केलेली लहानशी खोली (आताचे लेणे क्र. १७) त्याला सापडली. अकराव्या शतकाच्या प्रारंभी बंद केलेल्या त्या खोलीत जवळजवळ छतापर्यंत रचलेल्या सु. ५०,००० पोथ्या, कागदपत्रे व रेशमी चित्रे होती. चिनी व तिबेटीखेरीज संस्कृत, खोतानी, सोग्दी, उइगुर अशा भाषांतील लेखन त्यांत होते. एक पान हिब्रूचेही निघाले. सूत्रांबरोबर कर्जरोखे, घटस्फोटपत्रे, विद्यार्थ्यांची शुद्धलेखने व मदतमंडळांच्या सूचना मिळाल्याने मध्ययुगीन चिनी नगराचे दैनंदिन जीवन प्रथमच तपशिलाने कळले. खोली का बंद केली, याविषयी एकवाक्यता नाही; आक्रमणाच्या भीतीने, असे काही मानतात, तर जीर्ण झालेल्या पवित्र लेखनाचा तो साठा होता, असे इतरांना वाटते.

वांगने अधिकाऱ्यांना कळवूनही या साठ्याच्या रक्षणाची नीट व्यवस्था झाली नाही. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन आला. वांगची ह्यूएनत्संगावरील भक्ती ओळखून आपण त्याच यात्रेकरूच्या मागावर भारतातून आलो आहोत, असे त्याने सांगितले; वाचण्यास मिळालेल्या पहिल्या पोथ्यांत ह्यूएनत्संगाची भाषांतरे निघाल्याने वांगचा विरोध मावळला, असे स्टाइननेच लिहून ठेवले आहे. किरकोळ रकमेच्या मोबदल्यात त्याने हस्तलिखितांच्या २४ व चित्रे इत्यादींच्या ५ पेट्या नेल्या. कालोल्लेख असलेला जगातील सर्वांत जुना छापील ग्रंथ (वज्रच्छेदिका सूत्र, ८६८) त्यांतच होता. तो आता लंडनला आहे. या मोहिमेचा बराच खर्च भारत सरकारने उचलला असल्याने तिच्यातील काही रेशमी चित्रे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आली आहेत. १९०८ मध्ये चिनी भाषेचा उत्तम जाणकार पॉल पेल्यो याने उरलेल्यांतील निवडक पोथ्या पॅरिसला नेल्या. त्यानंतर जागे झालेल्या शासनाने शिल्लक साठा पेकिंगला हलविला. वाटेत त्यातीलही काही नाहीसा झाला. जपानी व रशियन मोहिमांनीही आपला वाटा उचलला. १९२१ च्या सुमारास येथे अडकविलेल्या रशियन सैनिकांच्या चुलींनी काही चित्रे काळवंडली आणि १९२४ मध्ये लँग्डन वॉर्नर या अमेरिकन कलाभ्यासकाने काही भित्तिचित्रे भिंतीवरून सोलून काढून नेली. पोथ्या परदेशी गेल्या म्हणून वाचल्या, हा युक्तिवाद नेहमी केला जातो. त्यातील काही भाग मान्य केला, तरी भिंतींवर उरलेले मोकळे चौकोन पाहिल्यावर तो पुरता पटत नाही. १९९४ पासून विखुरलेल्या संग्रहांच्या प्रतिमा एकत्र आणण्याचे काम आंतरराष्ट्रीय सहकार्याने चालू आहे.

संरक्षणाचे पद्धतशीर काम १९४४ मध्ये येथे कलासंस्था स्थापन झाल्यावर सुरू झाले. तिचा पहिला संचालक चांग शूहोंग (१९०४–९४) हा पॅरिसमध्ये शिकलेला चित्रकार होता. पेल्योने छापलेली दुनह्वांगची छायाचित्रे तेथील पदपथावरील एका पुस्तकविक्रेत्याकडे पाहून तो मायदेशी परतला व त्याने पुढील आयुष्य या कामी घालविले. १९६३ मध्ये येथे आलेल्या फान जिनशी या पुरातत्त्वविदुषीने नंतर संस्थेचे संचालकपद सांभाळले. १९८७ मध्ये मोगावचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. वाळू अडविण्यासाठी कड्याच्या माथ्यावर कुंपणे, गवताच्या चौकटी व झुडपांचे पट्टे करण्यात आले.

वाऱ्याने येणारी वाळू अडविता आली. माणसांबरोबर येणारा दमटपणा अडविणे अधिक कठीण ठरले. खडकात व गिलाव्यात क्षार आहेत. प्रेक्षकांच्या श्वासाने बंद लेण्यातील आर्द्रता वाढली, की ते विरघळतात व हवा कोरडी होताच पुन्हा स्फटिकरूप घेऊन फुगतात. असे वारंवार झाल्याने गिलावा भिंतीपासून सुटतो व रंगाचे पोपडे पडतात. हजार वर्षे ज्या कोरडेपणाने चित्रे जपली, तोच प्रत्येक भेटीने थोडा थोडा कमी होतो. यावर उपाय म्हणून लेण्यांची संगणकीय प्रतिचित्रे तयार करण्यात आली. २०१४ मध्ये उघडलेल्या केंद्रात प्रेक्षकांस प्रथम पडद्यावर लेण्यांचा इतिहास व अंतर्भाग दाखवितात आणि मग मार्गदर्शकाबरोबर मोजक्याच लेण्यांत नेतात. पूर्ण भेटीसाठी दिवसाला ६,००० जणांची मर्यादा असून नोंदणी आगाऊ करावी लागते. आत छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. कोणती लेणी दाखविली जातील, हे प्रेक्षकाच्या हाती नसते. दूरवरून आलेल्यास हे खटकते, परंतु त्यास पर्याय दिसत नाही.

दुनह्वांग नगराच्या दक्षिणेस ५-६ किमी. वर मिंगशा म्हणजे ‘गाणाऱ्या वाळूच्या’ टेकड्या आहेत. उतारावरून वाळू घसरताना घुमल्यासारखा आवाज होतो, म्हणून हे नाव. त्यांच्या कुशीत युएयाछ्वान हे चंद्रकोरीच्या आकाराचे तळे आहे. वारा वाळू उतारावरून पुन्हा वर नेतो, म्हणून ते बुजत नाही, असे सांगितले जाते. त्यास धोका निर्माण झाला तो खालून. शेतीसाठी दांग नदीचे पाणी वळविल्याने व भूजलाचा उपसा वाढल्याने १९६० च्या सुमारास सरासरी ४-५ मी. खोल असलेले हे तळे १९९० नंतरच्या काही वर्षांत एक मीटरहूनही उथळ झाले. २००६ पासून त्याच्या भोवतीच्या भूमीत पाणी पुरवून पातळी राखली जात आहे. निसर्गाचा चमत्कार म्हणून दाखविले जाणारे हे तळे आज माणसाच्या देखभालीवर जगत आहे.

नगराच्या पूर्वेस सु. ६० किमी. वर श्वेनछ्वान या हानकालीन टपालठाण्याचे अवशेष १९९०–९२ मध्ये उत्खननात सापडले. तेथील २०,००० हून अधिक लेखांकित काष्ठपट्ट्यांवर आलेल्या दूतांची नावे, त्यांना दिलेले धान्य व मांस, घोड्यांचे आजार अशा नोंदी आहेत. मायजीशान, बिंगलिंग, श्वोयांग, श्वेनछ्वान व यूमेन खिंड ही गान्सूतील पाच स्थळे २०१४ मध्ये रेशीम मार्गाच्या जागतिक वारशात समाविष्ट झाली.

यूमेन म्हणजे ‘जेड दरवाजा’. खोतानचे जेड या वाटेने येई. नगराच्या वायव्येस सु. ९० किमी. वर चिखलाच्या भिंतींची, प्रत्येक बाजूस सु. २५ मी. असलेली एक चौकोनी गढी तेवढी उरली आहे. नैर्ऋत्येकडील यांगग्वान या दुसऱ्या नाक्याचा तर एक पडका टेहळणी बुरूजच शिल्लक आहे. थांग काळातील कवींनी निरोपाच्या कवितांतून ही दोन्ही नावे अजरामर केल्याने चिनी प्रवासी येथे दगडमातीपेक्षा कवितेसाठी अधिक येतात. यूमेनजवळ हानकालीन भिंतीचे काही तुकडे उभे आहेत. दगड वा विटा न मिळाल्याने वेत व झाऊ यांच्या फांद्यांचा एक थर आणि खडी-वाळूचा एक थर अशा रीतीने ती रचली होती. दोन हजार वर्षांनंतरही ते थर मोजता येतात आणि पहारेकऱ्यांनी इशाऱ्याचा जाळ करण्यासाठी रचून ठेवलेल्या वेताच्या मोळ्या काही बुरुजांपाशी तशाच पडलेल्या आहेत.